बाईंच्या घरची नापास पुस्तकं

आमची गॅलरी आणि शेजारच्या बाईंची गॅलरी यांच्यामध्ये फक्त एक लोखंडी जाळी आहे. त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय हे मला कळतं, यात माझा काही दोष नाही. आमची ही म्हणते, जाळीला कान लावून बसलं की दोष लागतोच. पण मी कान लावत नाही. माझी खुर्चीच तिथे असते.

बाई कोपऱ्यावरच्या दुमजली शाळेत तिसरीला शिकवतात. बावीस वर्षं झाली. त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात. दूधवाला म्हणतो, टपालवाला म्हणतो, त्यांचे यजमानही म्हणतात. यजमान बस चालवतात आणि घरी आल्यावर शक्यतो बोलत नाहीत. दिवसभर पाठीमागच्यांची बडबड ऐकून त्यांच्या कानांनी राजीनामा दिलेला असतो. राहता राहिल्या बाईंच्या सासूबाई. त्यांना आम्ही आजी म्हणतो. आजींना लिहिता-वाचता येत नाही, डोळ्यांना अंधुक दिसतं, तोंडात चार दात उरलेत, आणि जिभेला मात्र हाड नावाचा प्रकार नाही.

रोज संध्याकाळी साडेपाचला बाई शाळेतून आल्या, हातपाय धुतले, चहा झाला, की गॅलरीत चटई टाकून आजींना पुस्तक वाचून दाखवतात. तेही लहान मुलांचं, चित्रांचं. सुरुवातीला मला वाटलं, काय ही सेवा. मी आमच्या हिला म्हणालोसुद्धा, "बघ, शिक काहीतरी."

"तुमच्या आईंना मी वाचून दाखवलं असतं तर त्यांनी पुस्तकापेक्षा माझ्या चुका जास्त मोजल्या असत्या," ही म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

पुढे कळलं, ही सेवा नव्हतीच. ही परीक्षा होती, आणि तीही पुस्तकाची. वर्गात न्यायचं प्रत्येक पुस्तक आधी आजींसमोरून जायचं. चांगलं असलं तर आजी ताठ बसून ऐकायच्या, मधेमधे त्यातल्या राजालाही दोन शब्द सुनवायच्या. बेचव असलं तर त्यांची हनुवटी हळूहळू छातीकडे निघायची. ती टेकली रे टेकली, की बाई कानामागची पेन्सिल काढून शेवटच्या पानावर लिहायच्या, 'पान ६, डुलकी.' ते पुस्तक नापास. नापासांसाठी खाटेखाली पुठ्ठ्याचं एक खोकं होतं.

"काय आजी, झोपा काढून परीक्षा घेता होय?" मी एकदा जाळीतून विचारलं.

"मेल्या, झोप काय मी आणते? पुस्तकच आणतं."

"आणि झोप न आणणारं एखादं असतं की नाही?"

"कालचं होतं. पाणबुडीचं. तिच्यात पाणी शिरलं आणि ही बया म्हणाली, उरलेलं उद्या. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. तुझ्या ओळखीत कुणी पाणबुडीवाला आहे का, पुढे काय झालं विचारायला?"

एक पुस्तक मात्र न झोपताही नापास झालं. कुठल्या प्राण्याला किती दात, एवढाच त्यातला मजकूर. बाई मगरीपर्यंत पोचल्या आणि आजींनी पुस्तक हातातून ओढून भिरकावलं. ते आमच्या बाजूला कुंडीत येऊन पडलं. "माझ्या तोंडात चार राहिलेत आणि तू मला मगरीचे मोजून दाखवतेस?" मी माती झटकून ते परत दिलं. बाईंनी शेवटच्या पानावर शांतपणे लिहिलं, 'पान ३, अपमान.' गेलं तेही खोक्यात.

बाईंच्या वर्गात छत्तीस मुलं आणि त्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा सात. हे मी मोजलेलं नाही, बाईंनी मोजलंय. एकाला एका कानाने ऐकू येत नाही. एक मुलगी चाकांच्या खुर्चीवरून येते आणि सगळ्यांच्या आधी वर्गात पोचते. एकाचे आईवडील वेगवेगळ्या घरांत राहतात, तो दर शुक्रवारी दप्तराबरोबर कपड्यांची पिशवीही आणतो. एवढ्या सगळ्यांना एकच पुस्तक पुरायचं नाही हे माझ्यासारख्यालाही कळतं. पण कुणाला कोणतं पुरेल, हे कळायला बाईंची वही लागते.

ती वही मी पाहिलीय. चोरून नाही, त्यांनीच दाखवली. बरं, मागितली होती मी. प्रत्येक मुलाला एक पान. 'हा पान चारवर हसला.' 'हिने चित्रातला कुत्रा तळहाताने झाकून पुढचं वाचलं. कुत्रा चावलाय का, विचारणे.' 'याचे पाय अकराव्या पानाला थांबले.'

"पाय थांबले म्हणजे?" मी विचारलं.

"बाकावर बसलेल्या मुलाचे पाय सारखे हलत असतात, भाऊजी. मूल पुस्तकात शिरलं की थांबतात."

"मग तोंडाकडे बघायचं ना."

"तोंड बाईंना दाखवण्यासाठी असतं. पाय त्याचे स्वतःचे असतात."

माझं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान आहे. पंचवीस वर्षं मी लोकांची तोंडं काचेखाली बसवतोय. माणसाच्या पायांकडे बघायचं असतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांचे पाय बघायला लागलो, तर दोन बायकांनी पदर सावरला आणि एकीने आमच्या हिच्याकडे तक्रार केली. तो विषय इथेच सोडू.

दुकानामुळेच माझा बाईंच्या वर्गाशी संबंध आला. त्यांना पुस्तकांसाठी मांडणी हवी होती. "कपाटात पुस्तकं आपल्याकडे पाठ करून उभी असतात," त्या म्हणाल्या. "पाठीवरून कोण ओळखणार? त्यांचं तोंड दिसलं पाहिजे. आणि मुलांच्या कमरेइतकी उंची ठेवा. हात वर करून मागावं लागलं की अर्धी मुलं मागतच नाहीत."

मी चौकटींच्या उरलेल्या पट्ट्या कापून चार ओळींची मांडणी केली. एका ओळीला सोनेरी नक्षी, एकीला काळी पट्टी, बाकीच्या दोन साध्या. बाईंना फार आवडली.

आता नवीबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिच्यापाशी येऊन अडली होती.

नवी सात महिन्यांपूर्वी तिसरीत आली. वर्षाच्या मधेच आली म्हणून मुलं तिला 'नवी' म्हणू लागली, आणि सात महिने झाले तरी ती नवीच राहिली. वय नऊ. तिचा बाप शाळेच्या पलीकडे उंच इमारत उठतेय तिथे बांबूच्या परांच्या बांधतो. इमारत झाली की बिऱ्हाड पुढच्या इमारतीकडे. ही तिची तिसरी शाळा. घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी. तिला सगळं समजायचं. खडू आण म्हटलं की खडू आणायची, खिडकी लाव म्हटलं की लावायची. पण वर्गात तिच्या तोंडून एक शब्द कुणी ऐकला नव्हता. वाचायला सांगितलं की ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

शाळेचे हेडसर वाईट माणूस नाहीत. त्यांचं माणसांपेक्षा तक्त्यांवर जरा जास्त प्रेम आहे, इतकंच. त्यांनी तक्ता पाहिला आणि ठरवलं की महिनाअखेरीला नवीची वाचनाची चाचणी घ्यायची. तिसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचलं तर ती तिसरीत. नाही वाचलं तर पहिलीत बसवायची. "तिच्या भल्यासाठीच," असंही म्हणाले.

ते बाईंनी जाळीपाशी उभं राहून सांगितलं तेव्हा आमची हीदेखील घड्या सोडून बाहेर आली.

"बसू दे की पहिलीत," मी म्हणालो. "पाया पक्का होईल."

"पहिलीच्या बाकाखाली तिचे गुडघे मावणार नाहीत," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या पोरांमध्ये महिनाभर मान खाली घालून बसेल. मग एक दिवस यायची नाही. मग कधीच यायची नाही. माझ्या डोळ्यांदेखत अशा तिघी गेल्यात, भाऊजी. त्यातली एक परवा बसथांब्यावर दिसली. कडेवर मूल होतं. मला बघून तिने तोंड फिरवलं."

माझा 'पक्का पाया' मी गुपचूप परत घेतला. असं क्वचित होतं.

हातात तीन आठवडे होते. बाई कामाला लागल्या. वाचनालयं पालथी घातली, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पायऱ्यांवर बसून गठ्ठे उपसले, दुसऱ्या शाळांतल्या बाईंना फोन केले. आणि एका संध्याकाळी जिना चढतानाच त्यांचा आवाज आला, "सापडलं."

पुस्तक खरंच अचूक होतं. गोष्टीतल्या मुलीचा बाप इमारती बांधतो, ते दर वर्षी नव्या पत्र्याच्या खोलीत राहायला जातात, मुलगी नव्या शाळेत जाते आणि गप्प बसते. चित्रातल्या वेण्यासुद्धा नवीसारख्या, एक वर बांधलेली, एक खाली. बाईंचा चेहरा असा फुलला होता की त्यांनी ते आजींना वाचून दाखवलंच नाही. हे इतकं नेमकं आहे, याला परीक्षा कशाला, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा एक पुस्तक आजींना चुकवून शाळेत गेलं.

त्याच दिवशी मी मांडणी भिंतीला पक्की करायला वर्गात गेलो होतो. बाईंनी सोनेरी ओळीतून ते पुस्तक उचललं आणि वाचायला लागल्या. बाई वाचतात तेव्हा हातोडी मारायची सोय नसते, म्हणून मी हातात स्क्रू घेऊन कोपऱ्यात उभा राहिलो. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर पुढच्या बाकावरचा एक पोरगा अगदी निरागसपणे म्हणाला, "बाई, ही तर आपली नवी."

पस्तीस माना नवीकडे वळल्या. छत्तिसावी माझी. मी काय वेगळा आहे?

नवीने क्षणभर समोर पाहिलं. मग न पडलेली पेन्सिल उचलायला ती बाकाखाली वाकली, आणि वर आलीच नाही. तास संपेपर्यंत बाकाखाली राहिली. बाईंनी पुस्तक मिटलं, गाणं घ्यायला सुरुवात केली, मुलांचं लक्ष फळ्याकडे वळवलं. पण वळलेल्या माना काही परत घेता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवी शाळेत आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या संध्याकाळी गॅलरीत चटई पडली, पण वाचन झालं नाही. आजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाल्या, "काय गं, आज पुस्तकांचा संप आहे का?" बाईंनी झालेलं सगळं सांगितलं. मी जाळीच्या अलीकडे श्वास धरून बसलो होतो.

आजी म्हणाल्या, "मला वाचता न येणाऱ्या म्हातारीची गोष्ट तू कधी वाचून दाखवलीस?"

"नाही, आई."

"का नाही?"

बाई चटईच्या सुटलेल्या काड्या आत खोचू लागल्या.

"मी सांगते. कारण मी कोण आहे ते मला ठाऊक आहे. ते चारचौघांत मोठ्याने वाचून कशाला दाखवायचं? मला पाणबुडी सांग. तिथे मी कुणीच नसते, म्हणून सुखाने बसता येतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि त्या जाळीपलीकडच्याला सांग, श्वास सोड म्हणावं. गुदमरशील."

शनिवारी दुपारी बाई आमच्या दारात आल्या. "भाऊजी, जरा पिशवी उचलायला येता?" त्या नवीकडे जायला निघाल्या होत्या. पास झालेली पुस्तकं सगळी शाळेत, कुलपात. घरात होतं ते खाटेखालचं खोकं. म्हणजे मी पिशवीतून नेत होतो ती अकराच्या अकरा नापास पुस्तकं.

इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. शेवटच्या खोलीसमोर नवी दोराचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करत बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही, पळालीही नाही. हात मात्र थांबले. बाप वरून परांचीवरूनच आम्हाला बघून खाली उतरला. आमच्या भाषेत अडखळत म्हणाला, "विचारलं हिला. एवढंच म्हणते, सगळे बघतात."

बाई नवीसमोर उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी माझं चुकलं. तुला न विचारता मी ती गोष्ट सगळ्यांसमोर वाचली. पुन्हा असं करणार नाही."

एवढंच बोलल्या. मागे 'पण' नाही, 'तुझ्या भल्यासाठी' नाही. मी शाळेत बारा वर्षं काढली, त्यातली दोन एकाच वर्गात. कुठल्या मास्तरने कुठल्या पोराला 'माझं चुकलं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग बाईंनी सिमेंटची एक रिकामी गोणी जमिनीवर पसरली, अकरा पुस्तकं तोंड वर करून मांडली, आणि काही न बोलता विटांच्या ढिगावर तिच्याकडे पाठ करून बसल्या. मलाही बसवलं.

"मागे बघायचं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"किती वेळ?"

"लागेल तितका. मांडणीबद्दल बोला काहीतरी."

मी स्क्रूंबद्दल बोललो. पट्ट्यांच्या लाकडाबद्दल बोललो. वाळवीबद्दलही बोललो. अख्ख्या जन्मात मला इतकं अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं. पाठीमागे पानं उलटल्याचा आवाज येतोय आणि माझ्यासारख्या माणसाने मान वळवायची नाही. एक पुस्तक उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. तिसरं उघडलं आणि आवाज थांबला. खूप वेळ थांबला.

मग एक घोगरा, न वापरलेला आवाज आला.

"खोटं."

माझी मान अर्धी वळलीच होती, मी ती हाताने धरून पुढे आणली. बाईंनी मात्र मान वळवली नाही. फळ्याकडे बघत विचारावं तसं विचारलं, "काय खोटं?"

"गोगलगाय."

"तिचं काय?"

"दात."

"कुठे लिहिलंय तसं? मला आठवत नाही."

आणि मग तिने वाचलं. बाईंना पुरावा द्यायला वाचलं. एकेका अक्षराला दगडासारखं उचलत, मधे थांबत, एक शब्द दोनदा घेत. "गोगल... गाईच्या... जिभेवर... चौदा ह... हजारांपर्यंत... बारीक दात... असतात." आणि पुन्हा, ठामपणे, "खोटं."

"मलाही पटत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंनी तर हे पुस्तक फेकूनच दिलं."

"त्या पण म्हणाल्या खोटं?"

"त्या म्हणाल्या, माझे चारच उरलेत."

पाठीमागे हसू फुटलं. हाताने दाबलेलं, पण फुटलंच. बाप दोराचा एक तुकडा हातात घेऊन तसाच उभा होता. त्याच्या पोरीने परक्या भाषेत एक अख्खं वाक्य विचारलं होतं, आणि त्याला ते समजलंही होतं.

"या पुस्तकात अजून कुठे खोटं असेल तर शोध," बाई उठता उठता म्हणाल्या. "सापडेल तिथे कागदाची पट्टी घाल. सोमवारी दाखव. घाई नाही."

परत येताना बाई भराभर चालत होत्या. मग रस्त्याच्या मधोमध थांबल्या. "मी प्रत्येक मुलाला त्याच्यासारखं काहीतरी शोधत बसते, भाऊजी. या मुलीला पुस्तकात स्वतःला बघायचंच नव्हतं. तिला पुस्तकाला पकडायचं होतं." मागून रिक्षावाला भोंगा वाजवून वाजवून थकला. मीच त्यांना ओढून फुटपाथवर घेतलं.

सोमवारी नवी आली. पुस्तकात तेवीस पट्ट्या होत्या. बाईंनी एकही खोडली नाही. मुलांना कामाला लावलं: कोणती खरी, कोणती खोटी, शोधा. त्यासाठी आणखी पुस्तकं उघडावी लागली. गोगलगाईचे दात खरे निघाले. एक पोरगा बागेतून काडेपेटीत खरीखुरी गोगलगाय घेऊन आला आणि तिचं तोंड उघडायला लागला, तेव्हा बाईंना तिची सुटका करावी लागली. नवीचं वाचणं म्हणजे पोलिसाचं वाचणं. कुठलाही मजकूर दिसला की त्याला हटकायचं. दाराच्या आतल्या बाजूची सूचना वाचली, साबणाचा कागद वाचला, माझ्या मांडणीच्या पट्टीमागे छापलेलं कारखान्याचं नाव वाचलं आणि मला विचारलं, "हे खरं नाव आहे?" आवाज अजून घोगराच होता. शब्दही अजून अडायचे. पण अडला शब्द ती सोडत नव्हती. त्याच्या मागेच लागायची.

ते वेण्यांच्या मुलीचं पुस्तक बाईंनी टाकून दिलं नाही. सगळ्यात खालच्या ओळीत गुपचूप ठेवलं. शुक्रवारी कपड्यांची पिशवी आणणाऱ्या मुलाने ते आपणहून उचललं आणि सलग तीन दिवस घरी नेलं. दोन्ही घरी.

महिनाअखेर आली. चाचणी वर्गातच होती. मी तिथे का होतो, तर मांडणीचा एक स्क्रू ढिला झाला होता. बाई म्हणाल्या, "भाऊजी, स्क्रू नक्की कुणाचा ढिला आहे?" पण बाहेर काढलं नाही.

बाकीची मुलं आपापली पुस्तकं घेऊन बसली होती. हेडसर खुर्ची ओढून नवीजवळ बसले. बाईंना त्यांनी फळ्यापाशी उभं राहायला सांगितलं, म्हणजे खाणाखुणा नकोत. तिसरीचं पुस्तक मधूनच कुठेतरी उघडलं. 'आमचे नवे घर' असा धडा निघाला.

"वाच. इथून."

नवीने बोट ठेवलं. ओठ हलले. आवाज आला नाही. बाईंनी फळा पुसण्याचं फडकं दोन्ही हातांनी धरलं होतं. हेडसरांनी घड्याळाकडे पाहिलं. मी स्क्रू तोंडात धरला होता, तो गिळायचाच बाकी होता.

"सकाळी..." नवी म्हणाली. "सकाळी गवंडी आले. त्यांनी... विटा... रचून... भिंत बांधली." थांबली. हेडसरांनी पेन्सिलीने कागदावर काहीतरी केलं. "दुपारी... भिंतीला... सुंदर... निळा रंग... दिला." पुन्हा थांबली. बोट मागे गेलं, 'दुपारी'वर. मग पुढे, 'रंग'वर. पुन्हा मागे.

"पुढे वाच," हेडसर म्हणाले.

ती वाचेना.

"पुढचा शब्द येत नाही का?"

"येतो," ती म्हणाली. "संध्याकाळी. पण हे खोटं आहे."

हेडसरांनी चष्मा वर केला. "काय खोटं आहे?"

"दुपारी रंग देत नाहीत. भिंत ओली असते. आधी पाणी मारतात. सात दिवस." तिने बोट पुस्तकावरच ठेवलं होतं, जणू ते उचललं तर धडा पळून जाईल. "मग प्लास्टर. त्याला परत पाणी. मग सुकू द्यायचं. खूप दिवस. मग रंग. लवकर दिला तर पोपडे येतात. पडतो."

सात महिन्यांत तिच्या तोंडून वर्गात इतके शब्द एकत्र बाहेर पडले नव्हते. आणि या खेपेला पस्तीस माना तिच्याकडे वळलेल्या असूनही ती बाकाखाली वाकली नाही. त्या माना तिच्या वेण्यांकडे बघत नव्हत्या. धड्याचं काय होतं ते बघत होत्या.

हेडसर पुस्तकाकडे पाहत राहिले. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "माझ्या झोपायच्या खोलीचा रंग दोन महिन्यांत पडला. ठेकेदार म्हणाला, हवेचा दोष."

"हवेचा नाही," नवी म्हणाली. "घाई केली."

आता मला हसायला हवं होतं. माझा स्वभावच तो आहे. पण मी तोंडातला स्क्रू काढून खिशात टाकला आणि तिच्या त्या बोटाकडे बघत राहिलो. नऊ वर्षांच्या त्या पोरीने पाच ओळीसुद्धा नीट वाचल्या नव्हत्या. पण जेवढ्या वाचल्या त्यांच्या आत शिरून ती भिंत ओली आहे हे हाताने चाचपून आली होती. मी आयुष्यभर इतकं वाचलं, वर्तमानपत्रं वाचली, भिंतीवरच्या जाहिराती वाचल्या, लोकांची पत्रंही वाचली (ती चौकटीत बसवायला आलेली असतात, गैरसमज नको). असं वाचन मला एकदाही जमलं नव्हतं.

हेडसरांनी तक्ता मांडीवर घेतला. नवीच्या नावापुढची जागा कोरी होती. त्यांनी तिथे 'तिसरी' असं लिहिलं, आणि हे पुरेसं वाटलं नाही म्हणून खाली रेघ ओढली.

"जा, बस जागेवर."

ती उठली आणि तिसऱ्या रांगेतल्या आपल्या बाकावर जाऊन बसली. शेजारच्या मुलीने तिला जागा करून दिली आणि कानात काहीतरी विचारलं. नवीने बोटांवर सात मोजून दाखवले.

हेडसर दारापर्यंत गेले आणि मागे वळले. अजून पुस्तक त्यांच्या हातातच होतं.

"बाई, हा धडा मी स्वतः बारा वर्षं शिकवलाय. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मी तर हाच धडा बावीस वर्षं शिकवतेय, सर," त्या म्हणाल्या.